विमा कुणाचा? कोणता?

ठाकुर्लीहून रोज सकाळी किती माणसं लोकलने कामाला जातात! घरात खाणारी तोंडं पाच, मिळवणारे हात दोन. ते हात थांबले तर चूल कशी पेटणार? म्हणून विमा आधी मिळवत्या माणसाचा काढावा. घरची बाई मिळवत असेल, तर तिचाही काढावा.

बँकेत दोन स्वस्त विमे मिळतात. ते २०१५ साली सुरू झाले.

पहिला सुरक्षा विमा. वर्षाला २० रुपये. वय १८ ते ७०. अपघातात माणूस गेला, तर घरच्यांना २ लाख रुपये मिळतात. आजाराने गेला, तर यातून काही मिळत नाही.

दुसरा जीवनज्योती विमा. वर्षाला ४३६ रुपये. वय १८ ते ५०. आजार असो की अपघात, २ लाख मिळतात. मात्र पहिले ३० दिवस फक्त अपघाती मृत्यूच धरतात.

दोन्हींचे मिळून महिन्याला ३८ रुपये पडतात.

पण महिना २० हजार खर्चाच्या घराला २ लाख पुरतात दहाच महिने. मुलं लहान असतील, तर ऐपतीप्रमाणे मोठा मुदतीचा विमाही घ्यावा.

रेल्वेच्या पासासारखी या विम्यांनाही मुदत असते. ती ३१ मे रोजी संपते. तेव्हा खात्यात पैसे ठेवा. कागदावर वारसाचं नाव आहे ना, ते स्वतः वाचा. आणि घरी सांगा. घरच्यांना ठाऊकच नसेल, तर पैसे मागायला जाणार कोण?