बॅट आडवी येते, पण दोष मनगटाचा नसतो

सोयाबीनची सोंगणी आटोपली की वाशिम जिल्ह्यात गावोगावी मोकळ्या शेतांत टेनिस बॉल क्रिकेटचे सामने रंगतात. त्याच दिवसांत कंबर, खांदा किंवा कोपर धरून दवाखान्यात येणारे तरुणही दिसू लागतात. तक्रार बहुधा दुहेरी असते: दुखते आहे आणि फटकाही नीट बसत नाही. एक चेंडू सीमेपार, दुसरा सरळ वर, तिसरा हुकलेला. या दोन्ही तक्रारींचे मूळ अनेकदा एकच असते. बॅट चुकीच्या वाटेने फिरते.

गोल्फमध्ये हे अगदी स्पष्ट दिसते. तिथे चेंडू जमिनीवर स्थिर असतो, समोर गोलंदाजही नसतो. तरी नवख्याचा एक फटका डावीकडे तर दुसरा उजवीकडे जातो, कारण स्टिक बाहेरून आत, शरीराकडे तिरकी येते. तिची वाट आणि तिच्या तोंडाचा रोख यांत काही अंशांचा फरक पडला, तरी चेंडूची दिशा बदलते.

क्रिकेटमध्ये चेंडूही धावत असतो. ताशी ९० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाच्या शंभराव्या भागात २५ सेंटिमीटर पुढे जातो. नियमानुसार बॅटची रुंदी जास्तीत जास्त १०.८ सेंटिमीटर. चेंडूच्या रेषेतून सरळ येणारी बॅट किंचित लवकर किंवा उशिरा आली तरी त्याच्या मार्गातच असते. तिरकी बॅट ती रेषा एकाच ठिकाणी छेदते. वेळ थोडी चुकली की चेंडू कडेला लागतो. आखूड चेंडूवरचा पुल आडव्या बॅटनेच मारायचा असतो, पण प्रत्येक चेंडूला तो उपाय नव्हे.

ताण कुठे पडतो?

चांगल्या फटक्यात जोर पायांतून सुरू होतो. मग नितंब, धड, खांदा आणि शेवटी मनगट, असा क्रम असतो. नितंबाचे सांधे आणि पाठीचा वरचा भाग आखडलेला असेल, तर खांदा आधी धावतो आणि बॅट ओढली जाते. कमरेचे पाच मणके मिळून एका बाजूला जेमतेम दहा-पंधरा अंश वळतात. वळण्याचे जास्तीचे काम त्यांच्यावर पडले की कंबर दुखते. हाताने ओढून मारल्यास कोपर कुरकुरते. सचिन तेंडुलकरला २००४ मध्ये सामन्यांबाहेर बसवणारा टेनिस एल्बो हा कोपरावरच्या अशाच वारंवार ताणाचा विकार आहे.

सुधारणा कशी कराल?

आधी मोबाइलवर गोलंदाजाच्या बाजूने दहा फटक्यांचे चित्रीकरण करा. मग स्टंपपासून समोर चुन्याची सरळ रेघ ओढा. रेघेवर चेंडू ठेवा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, बॅट जेमतेम जाईल इतक्या अंतरावर, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उभ्या करा. बाटल्यांना न लागता निम्म्या वेगाने चेंडू मारा. दहापैकी आठ फटके साधले की वेग वाढवा. काही फटके फक्त वरच्या हाताने, हलक्या बॅटने खेळा; खालच्या हाताची ओढ कमी होते. रोज कुशीवर झोपून, गुडघे दुमडून, वरचा हात मागे उघडत छाती वळवा. दोन्ही कुशींवर दहा-दहा वेळा. सवय बदलायला काही आठवडे लागतात, घाई करू नका.

दुखणे दाबण्यासाठी इंजेक्शन घेऊन अंतिम सामना खेळणे धोक्याचे आहे. वेदना ही सूचना असते. ती बंद केली तरी इजा वाढतच राहते. वेदना पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, किंवा शाळकरी मुलाची कंबर दोन-तीन आठवडे दुखत असेल, तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवा. पायातील ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सामने पुढच्या हंगामातही होतील. तेव्हा मैदानात उतरायला पाठीचा कणा धड हवा.