वादळ लांबून गेलं तरी खारं पाणी शेतात का येतं?



मे-जूननंतर अरबी समुद्रातल्या वादळांचा दुसरा हंगाम ऑक्टोबरपासून असतो. बातमीत "वादळ ओमानकडे वळलं" आलं की आपण सुटलो म्हणतो. पण 2019 ची दिवाळी आठवा. क्यार वादळ किनाऱ्यावर आलंच नाही, ओमानच्या दिशेने गेलं. तरी सिंधुदुर्ग-गोव्याच्या किनाऱ्यावर समुद्र आत शिरला. वादळाने उठवलेल्या लाटा शेकडो किलोमीटर लांब पोचतात, आणि त्यात तेव्हा अमावास्येचं उधाण होतं.

वादळाच्या मध्यभागी हवेचा दाब कमी असतो, म्हणून तिथलं पाणी थोडं वर उचललं जातं. एक हेक्टापास्कल दाब घटला की साधारण 1 सेंमी, एवढंच. खरा जोर वाऱ्याचा. तो पाणी किनाऱ्याकडे रेटतो; पुढे उथळ समुद्र नाहीतर निमुळती खाडी असली की पाण्याला पसरायला जागा नसते आणि ते वर चढतं. हे पाणी उधाणाच्या भरतीवर आलं तर खारबांधावरून जातं, भांगाच्या ओहोटीवर आलं तर कळतही नाही. म्हणून इशारा आला की आधी तिथी आणि भरतीची वेळ बघा.

दुसरी गोष्ट वाऱ्याच्या दिशेची. आपल्याकडे वादळ घड्याळाच्या उलट फिरतं. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, वादळाचं केंद्र साधारण तुमच्या डाव्या हाताला असतं. 3 जून 2020 ला निसर्ग अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं. श्रीवर्धन-दिवेआगर त्याच्या उजव्या अंगाला, म्हणून वादळ पुढे सरकताना तिथे वारा समुद्राकडून लागला. आधी एका बाजूने हललेली झाडं मग उलट वाऱ्याने आडवी होतात. मध्येच वारा एकदम पडला तर वादळ संपलं समजून वाडीत जाऊ नका. ते केंद्र डोक्यावरून जात असू शकतं, उलटा वारा त्यामागून येतो.

आता मुद्द्याचं. जूनमध्ये खारं पाणी शिरलं तर पुढचा पावसाळा बरीचशी खार धुऊन नेतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरलं तर धुवायला पाऊसच नाही. पुढच्या जूनपर्यंत खार तिथेच, आणि आपण त्याच खाचरात वाल पेरतो, पांढरा कांदा लावतो. दोन्ही पिकं खारीला फार नाजूक. खार दिसत नाही. बी कुजलं की बियाण्याला दोष देतो.

पाणी शिरलं तर ओहोटी लागताच उघाडी उघडा, भरतीआधी बंद करा. बांधाला खांड पडली असेल तर आधी ती बुजवा, नाहीतर प्रत्येक भरतीला पुन्हा तेच. गोडं पाणी हाताशी असेल तर खाचरात भरून काढून टाका, जमेल तितक्या वेळा. माती न तपासता जिप्समवर खर्च करू नका. झाडांवर खारं पाणी उडून पानं करपल्यासारखी दिसतात, तो रोग नाही. बुरशीनाशक मारू नका, शक्य असेल तर गोड्या पाण्याने पानं धुवा.

विहिरीबाबत मात्र घाई नको. मी नवीन असताना एका सभासदाला "मोठा पंप लावून विहीर उपसून टाका" म्हणालो होतो. दोन दिवसांत पाणी आणखी खारं झालं. किनाऱ्याजवळ जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. जोरात उपसलं की वरचं गोडं जातं आणि खालचं खारं वर येतं. चूक माझी होती. थोडं थोडं उपसा, मध्ये विहिरीला विसावा द्या.

ईसी 0.7 पर्यंत पाणी चालतं, 3 च्या वर गेलं तर पिकाला देऊच नका. मधल्या आकड्याला पीक बघून ठरवू. मीटर कंपनीच्या ऑफिसात आहे, तपासणी सभासदांना मोफत. येताना दोन बाटल्या आणा: एक विहिरीच्या वरच्या पाण्याची, दुसरी बाटलीला दगड बांधून तळातून भरलेली. पंप चालू करायच्या आधी भरा, आणि बाटलीवर नाव लिहा.