घाट उतरताना

२०२३ च्या दसऱ्याला, २४ ऑक्टोबरला, नवी गाडी दारात आली. आईने ओवाळलं, झेंडूचा हार बोनेटवर घातला, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि मी बटण दाबलं. आवाज काहीच झाला नाही. समोर ‘रेडी’ असा हिरवा दिवा तेवढा लागला. आई बाजूला उभी राहून म्हणाली, “अरे, चालू कर ना.” गाडी चालूच होती. ब्रेक सोडल्यावर ती पुढे सरकली, लिंबू फुटल्याचा आवाज आला, इंजिनाचा मात्र नाही.

२०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला झाला. मधल्या दोन वर्षांत काट्यावर ३४,००० किलोमीटर झाले. पंपावर टाकी फुल केली की किलोमीटर आणि लिटर वहीत लिहायचे, ही माझी जुनी सवय. ती वही समोर ठेवूनच हे लिहितो आहे.

आधीची गाडी फोर्डची इकोस्पोर्ट, दीड लिटरचं डिझेल इंजिन, २०१४ मध्ये घेतलेली. माझं काम ठिबक सिंचनाचं. कराडहून उंब्रज, पाटण, कडेगाव, विटा असा फेरा आठवड्यातून दोनदा तरी होतो, आणि शेताचा बांध येईपर्यंत रस्ता संपत नाही. त्या गाडीने नऊ वर्षं हे सगळं सोसलं. तिची लांबी चार मीटरच्या एक मिलिमीटर आत होती आणि इंजिन १४९८ सीसीचं. दोन्ही आकडे ठरवून आखलेले. चार मीटरच्या आतली आणि डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंतची गाडी २००६ च्या अर्थसंकल्पापासून कमी करात बसते, आणि त्या एका नियमाने आपल्याकडच्या निम्म्या गाड्यांचा आकार ठरवला आहे. स्टेपनी मागच्या दारावर टांगलेली, त्यामुळे डिकी वर न उघडता कपाटासारखी बाजूला उघडायची. नळ्यांची भेंडोळी भरायला ते फार सोयीचं होतं.

९ सप्टेंबर २०२१, हरतालिकेचा दिवस. उद्या गणपती यायचे म्हणून मी मखराला दिवे लावत होतो आणि फोन सुरू झाले. फोर्डने भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं त्या दिवशी जाहीर केलं होतं. दहा वर्षांत दोन अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाल्याचं कंपनीने सांगितलं. पुढे साणंदचा त्यांचा कारखाना टाटांकडे गेला. लोक मला ‘आता विकून टाक’ म्हणत होते. मी विकली नाही. कारखाना बंद झाला म्हणून दारातली चांगली गाडी वाईट होत नाही, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

विकावी लागली ती माझ्या डाव्या गुडघ्यामुळे. २०२३ च्या जूनमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दिवसभर क्लच दाबायचा असेल तर हा गुडघा पाच वर्षंही साथ देणार नाही. म्हणजे बिनक्लचची गाडी हवी. शेतरस्त्याला उंच हवी. आणि ७८ वर्षांच्या आईला वाकावंही लागू नये आणि चढावंही लागू नये, अशा उंचीची सीट हवी.

ही तिसरी अट क्रॉसओव्हर गाड्यांचं खरं मर्म आहे. आम्ही लहानपणी पाटणला जायचो ते जीपमधून. नंतर १९९४ ला सुमो आली. या गाड्या चासीवर वेगळी बॉडी बसवलेल्या, ट्रकच्या जातीच्या. दणकट, पण आत जायचं म्हणजे पायरी चढायची. क्रॉसओव्हर ही मुळात साधी कार. बॉडी आणि सांगाडा एकच, फक्त जमिनीपासून वर उचललेली. इकोस्पोर्टसुद्धा फिएस्टाच्याच सांगाड्यावर उभी होती. आपण सगळ्यांना सरसकट एसयूव्ही म्हणतो, पण आईच्या गुडघ्याला फरक बरोबर कळतो. ती दारात पाठ करून उभी राहते, मागे टेकते आणि पाय आत घेते. जुन्या गाडीत एवढं जमत होतं. नव्या गाडीचं मागचं दार जास्त रुंद उघडतं आणि पुढे पाय सोडायला जागा आहे, म्हणून आता तिला कुणाचा हात लागत नाही.

घेतली ती मारुतीची ग्रँड व्हिटारा, हायब्रिड. चारही चाकांना जोर देणारी ग्रँड व्हिटारासुद्धा होती, पण ती तेव्हा फक्त हाताच्या गिअरची मिळायची, आणि माझ्या गुडघ्याने तो पर्याय आधीच बाद केला होता. विजेवरच्या गाड्याही पाहिल्या. आमच्या इमारतीत पार्किंगला वीज ओढून घ्यायला तेव्हा कुणी तयार नव्हतं, तो विषय तिथेच मिटला.

पहिला महिना डावा पाय स्वस्थ बसेना. सिग्नल जवळ आला की तो आपोआप उठायचा आणि रिकाम्या जागेवर दाबायचा. एकदा तर क्लच समजून मी डाव्या पायाने ब्रेकच दाबला. कोल्हापूर नाक्यावरची गोष्ट. मागच्या रिक्षावाल्याने वेळीच वळवलं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून मी डावी टाच कडेच्या टेकूला घट्ट लावून बसायला लागलो. मेंदूला सांगून उपयोग नव्हता, पायालाच जागा द्यावी लागली.

मग हळूहळू उजवा पाय शिकला, आणि तो भाग मला अजूनही आवडतो. या गाडीत पेट्रोलचं तीन सिलिंडरचं १४९० सीसीचं इंजिन आहे, सोबत विजेची मोटर आणि जनरेटर. ही रचना टोयोटाची, १९९७ साली जपानमध्ये प्रियस गाडीतून आलेली, आणि माझी गाडी बनलीही टोयोटाच्या बिडदीच्या कारखान्यात. नेहमीसारखे एक, दोन, तीन असे गिअर यात नाहीतच. मधलं एक दातेरी चक्र इंजिनाची ताकद दोन वाटांनी विभागतं, काही सरळ चाकाला, काही जनरेटरला. कधी इंजिन, कधी मोटर, कधी दोन्ही, हे गाडीच ठरवते. पण तिने काय ठरवायचं ते पायावर अवलंबून असतं. ॲक्सिलरेटर थोडा सैल सोडला की इंजिन बंद पडतं आणि गाडी नुसत्या मोटरवर पुढे जात राहते. किती सैल सोडायचं, ते बोटाने तारेचा ताण बघावा तसं अंगठ्याला कळायला लागतं. ब्रेकचंही तसंच. लांबून, हलक्या पायाने दाबला तर मोटर उलटी जनरेटर होऊन बॅटरी भरते. जोरात दाबला की सगळी मेहनत पॅडवर घासून उष्णता होऊन जाते. वीस हजार किलोमीटरला चाकं काढली तेव्हा मिस्त्रीने पॅड हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले. म्हणाला, “साहेब, हे तर वापरलेलेच नाहीत.”

नोव्हेंबर ते मार्च आमच्याकडे उसाचा हंगाम. संध्याकाळी कारखान्याच्या रस्त्याला लागलं की पुढे ट्रॅक्टर आणि त्याला दोन-दोन ट्रॉल्या, ताशी पंधराच्या वेगाने. दोन्हीकडे पाचट लोंबत असतं, मागे दिवा नसतो. डिझेल गाडीत हा वेळ म्हणजे पहिला-दुसरा गिअर, क्लच, परत पहिला. आता त्या रांगेत इंजिन बहुतेक वेळ बंदच असतं. काच खाली घेतली की ट्रॅक्टरवरचं गाणं, चाकाखाली चुरडणाऱ्या उसाचा कडकडाट आणि रसाचा गोडसर आंबूस वास, सगळं आत येतं. वीस वर्षं या रस्त्याने जातोय, हे आवाज मला आधी कधी ऐकूच आले नव्हते.

वहीतले आकडे आता. जुन्या गाडीचं नऊ वर्षांचं ॲव्हरेज साडेसोळा. नवीचं दोन वर्षांचं २१.८. कंपनीच्या कागदावर २७.९७ आहे. तो चाचणीतला आकडा, रस्त्यावर तो येईल अशी अपेक्षा मी धरली नव्हती. विशेष म्हणजे आकड्यांचा क्रम उलटा आहे. पुण्यात कात्रज ते स्वारगेट, सगळ्यात वाईट गर्दीत, २५ पर्यंत जातं. हायवेला शंभरच्या वर धरलं की १८ वर येतं. गर्दीत ब्रेकमधून परत मिळणारी वीज हायवेला मिळतच नाही. आणि पैशाचं खरं सांगायचं तर दोन वर्षांत सुमारे पाचशे लिटर इंधन कमी लागलं, पण पेट्रोल डिझेलपेक्षा महाग. हिशेब मांडला तर वाचले पंचवीस हजारांच्या आसपास. नुसत्या बचतीसाठी कुणी हायब्रिड घेत असेल तर त्याने आधी आपलं वर्षाचं रनिंग मोजावं. घेताना २८ टक्के जीएसटी आणि वर १५ टक्के उपकर भरला. विजेच्या गाडीला तेव्हा ५ टक्के होता. गावातल्या चालीला इतकं कमी पेट्रोल पिणाऱ्या गाडीला मोठ्या गाड्यांच्या रांगेत बसवणं मला अन्यायाचं वाटतं. सप्टेंबर २०२५ पासून तो कर ४० टक्के झाला, तेवढाच उतार.

बॅटरी मागे असल्यामुळे या हायब्रिडची डिकी २६५ लिटरची, साध्या ग्रँड व्हिटाराची ३७३. आईचं माहेर गुहागर. मे महिन्यात मामाकडून निघताना पूर्वी मागे आंब्याच्या चार पेट्या, नारळाचं पोतं आणि एक फणस असं सहज बसायचं. आता फणस मागच्या सीटवर आईशेजारी, बेल्ट लावून. पेट्यांऐवजी आंबे पेंढ्यासकट कापडी पिशव्यांत भरतो. त्या कोपऱ्यांत नीट बसतात.

गेल्या पावसाळ्यात एकदा गाडी तीन आठवडे उभी होती आणि आतला छोटा दिवा माझ्या हातून चालू राहिला होता. सकाळी बटण दाबलं तर सगळं मेलेलं. हायब्रिडमध्ये बॅटऱ्या दोन. मोठी गाडी ओढते, पण तिला जागं करायचं काम साध्या बारा व्होल्टच्या बॅटरीचं. ती उतरली की मोठीत वीज असून उपयोग शून्य, तिच्यापर्यंत जाणारं कुलूपच उघडत नाही. शेजाऱ्याच्या गाडीला जंपर केबल जोडली आणि मिनिटभरात हिरवा दिवा लागला. तेव्हापासून केबल माझ्या डिकीत असते आणि मी बरेच दिवस बाहेरगावी असलो तर मुलगी दर आठवड्याला गाडी अर्धा तास ‘रेडी’त ठेवते.

राहिला कुंभार्ली घाट. कराड, पाटण, कोयनानगर, हेळवाक आणि मग घाट, खाली पोफळी, तिथून चिपळूण. हा रस्ता मला हाताच्या रेषांसारखा माहीत आहे, आणि याच रस्त्यावर मला जुनी गाडी आठवते. परतीच्या चढाला वळणातून बाहेर पडताना सेकंडला टाकायची, काटा दोन हजारावर आला की टर्बो जागा व्हायचा आणि पाठ सीटला टेकायची. ते सुख नव्या गाडीत नाही. चढाला पाय दाबला की इंजिन एका सुरात वर जातं आणि तिथेच टिकून राहतं, वेग त्याच्या मागून येतो. ताकद कमी पडत नाही, पण आवाज आणि वेग यांचं जे नातं माझ्या कानात तीस वर्षं बसलं होतं, ते सुटलं. ते परत जुळेल असं मला वाटत नाही.

उतारावर मात्र हीच गाडी शहाणी. पहिल्यांदा उतरलो तेव्हा मी घाबरलो होतो. निम्म्या घाटात, पाय ॲक्सिलरेटरवर नसताना, इंजिन एकदम मोठ्याने घुमायला लागलं. काही तुटलं की काय म्हणून गाडी कडेला घेतली. घरी आल्यावर हिशेब केला. माणसांसकट दीड टन वजन अर्धा किलोमीटर उंचीवरून खाली आणायचं म्हणजे सुमारे दोन युनिट वीज होईल इतकी ऊर्जा. मोठ्या बॅटरीत मावते पाऊण युनिट, आणि त्यातलाही सगळा भाग वापरात येत नाही. म्हणजे घाटाच्या पहिल्याच टप्प्यात बॅटरी भरते. पुढच्या ऊर्जेला जागा नाही, म्हणून गाडी ती इंजिन नुसतं फिरवण्यात घालवते, पेट्रोल न जाळता. आपण सेकंडला टाकून उतरायचो तेच काम, फक्त गिअर आपल्या हातात नाही. आता हेळवाक सोडलं की मी गिअरचा दांडा ‘बी’वर ओढतो आणि त्या आवाजाची वाट बघतो. तो आला की ब्रेकवरचा पाय मोकळा होतो.

आईला ही गाडी पटायला वेळ लागला. सुरुवातीला प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक फाटकाला तिचा प्रश्न ठरलेला, “बंद पडली का रे?” मी प्रत्येक वेळी सांगायचो, नाही, बॅटरीवर आहे. ती मान डोलवायची, आणि पुढच्या सिग्नलला परत तेच.

२०२५ च्या दसऱ्यानंतरच्या रविवारी गुहागरला निघालो, मामाची तब्येत पाहायला. निघायलाच उशीर झाला, कोयनानगरला चहा घेईपर्यंत अंधार पडला होता. घाटमाथ्यावर दाट धुकं, पुढे एका ट्रकचे दोन लाल दिवे तेवढे दिसत होते. मी ‘बी’वर टाकून त्याच्या मागे हळूहळू उतरत होतो. आई मागे खिडकीला डोकं टेकून झोपली होती, अंगावर शाल. तिसऱ्या-चौथ्या वळणावर इंजिन घुमायला लागलं. मी आरशात पाहिलं, ती दचकते की काय म्हणून. तिने डोळे उघडले नाहीत. शाल खांद्यावर ओढून घेत नुसती म्हणाली, “भरली वाटतं बॅटरी.”