‘करंट’च्या भीतीने किती दिवस घालवायचे?

मार्च १८२६ च्या अखेरीस कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर तंजावरला आले आणि दुसऱ्या सरफोजी राजांना भेटले. तिथे काय काय पाहिले ते त्या भेटीच्या वर्णनात नोंदलेले आहे : मराठी अक्षरांचा छापखाना, हवेचा पंप, हस्तिदंती सांगाडा, खगोलशास्त्राची उपकरणे, वैद्यकावरच्या पुस्तकांची कपाटे आणि वीज निर्माण करणारे एक यंत्र. काच फिरवून घर्षणाने वीज तयार करायची, ही त्या काळची रीत. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयाने असे यंत्र रुग्णांसाठी १७६७ सालीच विकत घेतले होते. विजेने आजार बरा करता येईल का, हा प्रश्न त्यामुळे आजचा नाही, आणि तो विचारायला लावणारे यंत्र दोनशे वर्षांपूर्वी कावेरीच्या खोऱ्यात एका मराठी राजाच्या संग्रही होते.

याच सरफोजींनी धन्वंतरी महाल उभा केला आणि डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. उपचाराआधी डोळा कसा होता, काय केले, नंतर काय झाले, हे त्यांत रंगीत चित्रांसह आहे. सरस्वती महाल ग्रंथालयाच्या ठेव्यातला हा भाग मला त्या विजेच्या यंत्रापेक्षाही मोलाचा वाटतो. उपचार चांगला की वाईट, हे नोंदी पाहून ठरवायचे असते. मेंदूवरच्या विद्युत-उपचारांच्या बाबतीत मात्र आपण सिनेमा पाहून आणि शेजाऱ्यांचे ऐकून ठरवतो. डॉक्टरांनी ‘ईसीटी’ (विजेच्या झटक्यांचा उपचार) हा शब्द उच्चारला की घरचे विचारतात, “म्हणजे करंटच ना?” आणि पुष्कळदा रुग्णाला उठवून घरी घेऊन जातात. तंजावरातही असेच होते आणि साताऱ्यातही.

‘शॉक म्हणजे हातपाय बांधून दिलेली शिक्षा’

ही भीती हवेतून आलेली नाही, म्हणून तिच्यावर जरा थांबून बोलले पाहिजे.

एप्रिल १९३८ मध्ये रोममध्ये उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी या डॉक्टरांनी हा उपचार पहिल्यांदा केला. विजेने मेंदूत अल्पकाळाची फेफऱ्यासारखी झटक्यांची लाट निर्माण करायची आणि त्यातून तीव्र मानसिक आजार ओसरतो का ते पाहायचे, अशी कल्पना होती. आजार ओसरत होता, पण तेव्हा भूल दिली जात नव्हती. सगळे शरीर आचके देई, दात तुटत, पाठीचे मणके मोडत. १९५० च्या दशकात स्नायू सैल करणारे सक्सिनिलकोलीन हे औषध आले आणि भूल देऊन उपचार करण्याची पद्धत रुळली. पडद्यावर मात्र जुनेच चित्र राहिले. १९६७ च्या ‘ज्वेल थीफ’मध्ये नायकाची ओळख पुसायला विजेचे झटके देतात, १९७५ च्या ‘वन फ्लू ओव्हर द कुकूज नेस्ट’मध्ये बंड करणाऱ्या रुग्णाला गप्प करायला देतात. दोन्ही सिनेमे लोकांच्या मनात घट्ट बसले.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडली. जगात भुलेची पद्धत रूढ झाल्यावरही भारतात अनेक ठिकाणी, अगदी एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातही, भूल न देता शॉक दिले जात. भूलतज्ज्ञ मिळत नाहीत, खर्च परवडत नाही, अशी कारणे असत. ती खरीही होती, पण रुग्णाच्या मणक्यापेक्षा मोठी नव्हती. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्याच रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी इथे, दर्ग्याच्या आसऱ्याने चाललेल्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधून ठेवलेले मनोरुग्ण होरपळून गेले. २८ जणांचा जीव गेला. देश हादरला, सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्याच वर्षी ‘सार्थक’ या संस्थेने भुलेविना दिल्या जाणाऱ्या शॉकवर बंदी घालावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली.

या दोन्ही धाग्यांचा शेवट एकाच कलमात झाला आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ९५ ने भूल आणि स्नायू सैल करणारे औषध न देता ईसीटी करायला मनाई केली, आणि मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायलाही मनाई केली. अल्पवयीनांना ईसीटी देता येत नाही. अगदीच गरज पडली तर पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य मंडळाची आधी परवानगी लागते. तातडीचा उपाय म्हणूनही हा उपचार परस्पर उरकता येत नाही. कुणी भुलेविना शॉक देत असेल, तर ते आज बेकायदा आहे.

आता प्रत्यक्षात काय होते ते पाहू. रुग्ण उपाशीपोटी येतो. भूलतज्ज्ञ शिरेतून औषध देतात, रुग्ण झोपतो, स्नायू सैल पडतात, ऑक्सिजन चालू असतो. कपाळाच्या बाजूंना लावलेल्या इलेक्ट्रोडमधून काही सेकंद विजेचे सूक्ष्म स्पंद जातात. मेंदूत झटक्याची लाट साधारण अर्धा ते एक मिनिट चालते आणि ती यंत्राच्या कागदावर दिसते. शरीरावर पायाची बोटे किंचित हलण्यापलीकडे फारसे काही दिसत नाही. थोड्या वेळाने रुग्ण जागा होतो. आठवड्यातून दोन-तीन वेळा, एकूण सहा ते बारा वेळा हे करावे लागते. मृत्यूचे प्रमाण लाखभर उपचारांमागे सुमारे दोन, म्हणजे छोट्या शस्त्रक्रियेच्या भुलेत जेवढा धोका असतो साधारण तेवढेच.

‘सगळी आठवण पुसून जाते’

यात तथ्य आहे, आणि ते दडवणाऱ्या डॉक्टरवर मी विश्वास ठेवणार नाही. उपचार चालू असतानाच्या आणि त्याआधीच्या काही आठवड्यांच्या, कधी महिन्यांच्या घटना विसरायला होतात. शुद्धीवर आल्यावर थोडा वेळ गोंधळल्यासारखे होते. नवे लक्षात ठेवण्याची क्षमता बहुतेकांची काही आठवड्यांत पूर्ववत होते, पण काही जणांच्या आयुष्यातले काही तुकडे परत येतच नाहीत. आपले नाव, आई, गाव, शिकलेले काम पुसले जाते हे मात्र खोटे. डोक्याच्या एकाच बाजूला इलेक्ट्रोड लावले आणि स्पंदांची लांबी कमी केली तर विसरण्याचा त्रास पुष्कळ कमी होतो. म्हणून “एका बाजूने देणार की दोन्ही?” हा प्रश्न नातेवाइकांनी जरूर विचारावा.

‘सगळे उपाय थकले की मग शॉक’

अमेरिकेतल्या ‘स्टार-डी’ नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. नैराश्याच्या रुग्णांना पहिली दोन औषधे लागू पडली नाहीत, तर तिसऱ्या आणि चौथ्या औषधाने लक्षणे जवळजवळ नाहीशी होण्याचे प्रमाण प्रत्येकी १३-१४ टक्क्यांवर येते. तीव्र नैराश्यात ईसीटीने हेच प्रमाण निम्म्याहून बरेच वर जाते. जो माणूस खात-पीत नाही, दगडासारखा निश्चल बसून राहतो, किंवा आत्महत्येच्या विचारातून बाहेरच येत नाही, त्याच्याकडे पाचव्या औषधाची वाट पाहायला वेळ नसतो. बाळंतपणानंतर भ्रमिष्टावस्थेत गेलेल्या बाईचेही तसेच. तिच्यामागे तान्हे मूलही असते. अशा वेळी हा उपचार शेवटी ठेवणे मला चुकीचे वाटते.

पण एकदा शॉक घेतले की संपले, असेही नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत, बरे झाल्यावर औषधाऐवजी नुसत्या दिखाऊ गोळ्या मिळालेल्यांपैकी ८४ टक्के रुग्ण सहा महिन्यांत पुन्हा आजारी पडले. नैराश्यविरोधी औषधासोबत लिथियम मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. शॉकने आजार ओसरतो, तो पुन्हा येऊ नये म्हणून औषधे चालू ठेवावी लागतात.

‘टीएमएस म्हणजे सौम्य शॉक’

टीएमएस, म्हणजे चुंबकीय स्पंदांनी मेंदू उत्तेजित करणे, आणि ईसीटी हे दोन्ही उपचार वेगळे आहेत. १९८५ मध्ये शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी दाखवले की डोक्याजवळ धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून क्षणिक चुंबकीय स्पंद सोडला तर कवटीच्या आत, दोन-तीन सेंटिमीटर खोलीपर्यंत, मेंदूतल्या पेशी उत्तेजित होतात. यात भूल नाही, आचके नाहीत. रुग्ण खुर्चीत बसून असतो, टकटक आवाज येतो, टाळूवर कुणी टिचक्या मारल्यासारखे वाटते, आणि वीस-चाळीस मिनिटांनी तो उठून बसने घरी जातो. नव्या पद्धतीत एक बैठक तीन मिनिटांतही होते. आठवड्यातून पाच दिवस, चार ते सहा आठवडे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये नैराश्यासाठी आणि २०१८ मध्ये मंत्रचळासाठी, म्हणजे ओसीडीसाठी, याला मान्यता दिली.

इथे गैरसमज उलट्या दिशेचा असतो : त्रास नाही, तर मग सगळ्यांनीच घ्यावे! २०१२ च्या एका पाहणीत अमेरिकेतल्या ४२ दवाखान्यांमधल्या ३०७ रुग्णांपैकी ५८ टक्क्यांना ठळक फरक पडला आणि ३७ टक्क्यांची लक्षणे जवळपास गेली. चांगलेच आकडे आहेत, पण उरलेल्यांना ठळक फरक पडला नाही हेही त्यांतच आहे. अतितीव्र आणि भ्रमयुक्त नैराश्यात ईसीटीच सरस ठरते. कानात कॉक्लिअर इम्प्लांट किंवा डोक्यात धातूची क्लिप असेल तर टीएमएस करता येत नाही. आणि औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या चुंबकीय पट्ट्यांचा या उपचाराशी काडीचाही संबंध नाही. तशीच गोष्ट टीडीसीएसची. यात एक-दोन मिलिअँपिअरचा मंद प्रवाह देतात, आणि बंगळुरूच्या निम्हान्समध्ये स्किझोफ्रेनियातल्या कानात आवाज येण्यावर याचा गंभीर अभ्यास झाला आहे. त्याची नक्कल करणारी यंत्रे ऑनलाइन मागवून घरी डोक्याला लावू नयेत.

‘मेंदूत तार घातली की पार्किन्सन बरा होतो’

डीबीएसमध्ये मेंदूच्या खोल भागात बारीक इलेक्ट्रोड बसवतात, तार कातडीखालून गळ्याकडे आणतात आणि बॅटरी छातीत ठेवतात. ग्रेनोबलच्या आलीम-लुई बेनाबिद यांनी १९८७ मध्ये कंपावर याची सुरुवात केली. मुंबईच्या जसलोक रुग्णालयात ही शस्त्रक्रिया अनेक वर्षे होते आहे. २००९ च्या एका अमेरिकी चाचणीत, पार्किन्सनच्या रुग्णांचे दिवसातले सुरळीत हालचालीचे तास शस्त्रक्रियेनंतर सरासरी ४.६ ने वाढले. नुसत्या औषधांवर असलेल्यांचे वाढले नाहीत. रोज साडेचार तास स्वतःच्या हाताने जेवता येणे, बटणे लावता येणे, याचे मोल त्या घरालाच कळते. पण आजार आतून पुढे सरकतच राहतो. लेवोडोपा या औषधाने ज्याला मुळीच फरक पडत नाही, त्याला बहुधा डीबीएसनेही पडत नाही. खर्च काही लाखांचा आहे, आणि बॅटरी ठरावीक वर्षांनी बदलावी लागते. नैराश्यासाठी डीबीएसच्या दोन मोठ्या चाचण्यांत तर दिखाऊ उपचारापेक्षा ठोस फरक दिसलाच नाही. तिथे आशा दाखवून कुणी पैसे मागत असेल तर सावध व्हावे.

‘देवळात नेले तर दवाखान्यात नेता येत नाही’

तंजावर जिल्ह्यातच कुंभकोणमजवळ तिरुविडैमरुदूर आहे. सरफोजींना गादी मिळाल्यावर त्यांचे काका अमरसिंह याच गावी जाऊन राहिले. वरगुण पांड्य राजाच्या मागे लागलेली ब्रह्महत्या इथल्या देवळाच्या पूर्वेच्या दारात अडकली आणि तो पश्चिमेच्या दाराने मोकळा होऊन गेला, अशी कथा आहे. मन बिघडलेल्या माणसाला आजही लोक इथे आणतात. तिरुच्चीजवळच्या गुणशीलमलाही नेतात. तिथे ४८ दिवसांचे मंडल राहायची रीत आहे.

या घरांना अडाणी म्हणणे मला पटत नाही. २००२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तमिळनाडूतल्या मुत्तुस्वामी देवस्थानाचा एक अभ्यास आला होता. तिथे काही आठवडे राहिलेल्या ३१ मनोरुग्णांच्या लक्षणांत सुमारे २० टक्के उतार दिसला. मारझोड नाही, रोजची छोटी कामे, सोबत नातेवाईक, अशी ती जागा होती. मायेने मिळणारा आसरा आजाराला आवर घालतो, हे त्यातून दिसते. तो मिळावा. पण निश्चल पडलेल्या माणसाला ४८ दिवसांचे मंडल पुरे होईपर्यंत उपचाराविना ठेवले, तर त्याचे शरीर तेवढे टिकेलच असे नाही. दर्शन सकाळी घेता येते आणि दुपारी मानसोपचारतज्ज्ञांना भेटता येते.

घरात असा प्रसंग आला तर डॉक्टरांना सरळ विचारा : हाच उपचार का, भूलतज्ज्ञ कोण असतील, स्मृतीवर काय परिणाम होईल, किती बैठका, नंतर कोणती औषधे? समाधानकारक उत्तरे मिळाल्याशिवाय संमतीच्या कागदावर सही करू नका, आणि मिळाली तर नुसत्या ‘करंट’ या शब्दाला भिऊन नकार देऊ नका. मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखेच विमासंरक्षण द्यावे असे २०१७ चाच कायदा सांगतो, तेव्हा विमा कंपनीकडेही चौकशी करा. कुठे जावे हेच कळत नसेल तर १४४१६ हा सरकारी टेलि-मानस क्रमांक देशभर मोफत आहे, आणि त्यावर मराठीतही बोलता येते, तमिळमध्येही.