घाटाखालील दमट हवा आणि घरातील कीटक

देशावरून बोरघाट उतरून कर्जत किंवा खालापूर तालुक्यात राहावयास येणाऱ्या कुटुंबास पहिल्याच पावसाळ्यात एक अनुभव येतो. देशावर वर्षभर निर्धोक राहणारे धान्य येथे लवकरच पोरकिडे पोखरतात आणि दाराच्या चौकटीवर वाळवीची मातकट रेघ उमटते. अशा वेळी पुष्कळजण प्रथम विषारी औषधाकडे धाव घेतात. हा क्रम उलटा आहे.

कीटकांची वाढ उष्णता व ओलावा यांवर अवलंबून असते. पोरकिड्याची मादी दाण्यास छिद्र पाडून आत अंडे घालते व अळी दाण्याच्या आतच वाढते. सुमारे ३० अंश सेल्सिअस उष्णता व दमट हवा लाभली, की महिन्याभरात नवी पिढी बाहेर पडते. किडा दिसू लागतो, तेव्हा नुकसान आधीच झालेले असते. हवेतील उष्णता आपल्या हाती नाही. धान्यातील ओलावा मात्र आहे.

धान्याची साठवण : देशावर ज्वारी पेवात ठेवीत, परंतु ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पाझरत्या भूमीत पेवाचा उपयोग नाही. येथील शेतकरी तांदूळ न ठेवता भात ठेवतो व लागेल तसे भरडून घेतो. तुसाचे कवच दाण्याचे रक्षण करते. हा रिवाज नवागतांनी अवश्य उचलावा. धान्य मे महिन्यातच कडक उन्हात वाळवावे, पूर्ण थंड होऊ द्यावे आणि घट्ट झाकणाच्या कोरड्या पिंपात भरावे. पिंप फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे. वाळवण पुरेसे झाले की नाही, हे पाहण्यासाठी भाजून कोरडे केलेले मीठ काचेच्या कोरड्या बाटलीत मूठभर धान्यासह हलवावे. मीठ काचेस चिकटल्यास धान्य अद्याप ओले समजावे. वाल, मूग यांसारख्या कडधान्यांस चाळलेली कोरडी राख चोळावी. भुंगेऱ्यांस तिचा अटकाव होतो.

वाळवी : जळाऊ लाकडे भिंतीस टेकवून रचू नयेत. पागोळ्यांचे पाणी पायाशी मुरू देऊ नये. मातीची रेघ नुसती खरवडून भागत नाही. ती कोठून येते हे शोधून तेथील ओल बंद करावी.

डास व झुरळे : उष्ण हवेत डासाची अंड्यापासून पूर्ण वाढ आठ-दहा दिवसांत होते. म्हणून आठवड्यातून एक दिवस ठरवून पाण्याची सर्व भांडी रिती करून घासावीत व कोरडी करावीत. रात्री खरकटे व मोरीतील पाणी राहू न दिल्यास झुरळे हटतात.

विषारी औषधांविषयी इशारा : पूर्वी कोठारात सर्रास टाकली जाणारी बी.एच.सी. पूड १९९७ पासून बंद आहे. जुना डबा सापडल्यास ती वापरू नये. धान्यात ठेवावयाच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणारा वायू प्राणघातक असतो. राहत्या घरात, विशेषतः मुले निजतात त्या खोलीत, त्या कदापि ठेवू नयेत. धुरी देणे हे प्रशिक्षित माणसाचेच काम आहे.

चार पायल्या भाताचे नुकसान पुढील हंगामात भरून निघते. विषाने गेलेला जीव परत येत नाही. म्हणून प्रथम ऊन, मग झाकण, मग झाडू; औषध सर्वांत शेवटी आणि तेही जाणकाराच्या सल्ल्याने, हा नियम घरातील प्रत्येकाने पाळावा.