शंभर नांवांची यादी

यवतमाळांतील आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं गेल्या दिवाळीच्या सुमारास एक लहानसा प्रसंग घडला. घर एकत्र, आजोबा शिक्षकीतून निवृत्त झालेले, दोघे कर्ते भाऊ, त्यांच्या बायका आणि मुलें. थोरल्या भावाचा मुलगा पदवीधर असून तीन वर्षें स्पर्धा-परीक्षांचा अभ्यास करून थकलेला होता. त्याला एका विमा कंपनीच्या कार्यालयांतून मुलाखतीचें बोलावणें आलें, तेव्हां घरांत समाधान पसरलें. आईनें देवापुढें साखर ठेविली. मुलगा इस्त्रीचे कपडे घालून गेला आणि दोन तासांनीं परत आला तो हातांत एक कोरी वही घेऊन. "निवड झाली कां रे?" असें काकूंनीं विचारतांच तो म्हणाला, "झालीच म्हणायची, काकू. पण आधीं या वहींत शंभर नांवें लिहून न्यायचीं आहेत. नातेवाईक, शेजारी, बाबांचे मित्र, आजोबांचे जुने विद्यार्थी, सगळीं." आजोबांनीं चष्मा पुसला आणि एवढेंच विचारलें, "म्हणजे बाळ, मुलाखत तुझी झाली कीं माझी?"

आजोबांच्या प्रश्नांत विनोद होता. परंतु विनोदाहून तथ्य अधिक होतें. कमिशनवर चालणाऱ्या या व्यवसायाच्या मुलाखतींत उमेदवाराच्या पदवीचें मोल थोडें, आणि त्याच्या घराण्यानें दोन पिढ्यांत मिळविलेल्या विश्वासाचें मोल फार. वहींतील प्रत्येक नांवाबरोबर त्या घराची पत बाहेर पडते. म्हणून ही मुलाखत एकट्या मुलाची नव्हे, सगळ्या घराची आहे, असें समजून आम्ही हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रथम एक भ्रम दूर केला पाहिजे. 'मुलाखत' या शब्दानें नोकरीचा भास होतो. पण विमा-एजंट हा कंपनीचा पगारदार नोकर नव्हे. त्यास मासिक वेतन नाहीं, भविष्यनिर्वाह निधि नाहीं, आजारपणाची पगारी रजा नाहीं. त्यानें मिळविलेल्या पॉलिसीच्या हप्त्यांतून ठराविक हिस्सा त्यास मिळतो, तेवढेंच त्याचें उत्पन्न. पात्रताहि मोठी नाहीं: वय १८ पूर्ण, शिक्षण दहावीपर्यंत, सामान्यतः २५ तासांचें प्रशिक्षण, आणि मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची परीक्षा. या परीक्षेंत ५० प्रश्न असतात, ३५ टक्के गुण मिळाले कीं उमेदवार उत्तीर्ण होतो, आणि ती मराठींतूनहि देतां येते. आंत शिरणें सोपें आहे. टिकणें कठीण आहे.

दुसरी गोष्ट अशी कीं, समोर बसलेल्या अधिकाऱ्याची बढती आणि प्राप्ति बहुधा त्याच्या हाताखालील एजंटांच्या कामावर अवलंबून असते. इतर मुलाखतींत परीक्षक उमेदवारास गाळण्याच्या बुद्धीनें बसतो. येथें तो ओढून घेण्याच्या बुद्धीनें बसलेला असतो. 'तुमच्यासारखा तरुण लाखांत एक' असें ऐकून मुलगा हुरळला, तर त्यास दोष देतां येणार नाहीं. परंतु घरांतील वडीलधाऱ्यांनीं हुरळून चालणार नाहीं.

याचा अर्थ हा धंदा हलका आहे असा नव्हे. विमा आपल्या समाजास नवा नाहीं. १९१३ सालीं अण्णासाहेब चिरमुले यांनीं साताऱ्यास वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली, तेव्हांपासून विम्याचा एजंट मराठी मध्यम वर्गाच्या ओसरीवर ओळखीचा झाला. पुढें १९ जानेवारी १९५६ रोजीं वटहुकूम निघून आयुर्विम्याचा व्यवहार सरकारनें हातीं घेतला. त्या वेळीं अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. २४५ विमा कंपन्या व प्रॉव्हिडंट सोसायट्या मिळून १ सप्टेंबर १९५६ रोजीं आयुर्विमा महामंडळ उभें राहिलें. महामंडळानें आपलें बोधवाक्य गीतेच्या नवव्या अध्यायांतून घेतलें आहे. त्यांतील 'योगक्षेम' या शब्दाचा अर्थ न मिळालेलें मिळवून देणें आणि मिळालेलें राखणें असा आहे. यांतील राखण्याचा भाग जो एजंट विसरतो, त्याचा स्वतःचाहि क्षेम चालत नाहीं. हें केवळ नीतीचें वचन नव्हे, हिशेबाची गोष्ट आहे. तो हिशेब आतां पाहूं.

केवळ उदाहरणादाखल असें धरूं कीं, पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर २५ टक्के आणि पुढील प्रत्येक वर्षीं ५ टक्के कमिशन मिळतें. आमच्या मुलानें वर्षाला २०,००० रुपये हप्त्याच्या बारा पॉलिसी मिळविल्या, तर एकूण हप्ता २,४०,००० रुपये आणि त्याची प्राप्ति ६०,००० रुपये, म्हणजे महिन्यास ५,०००. एवढ्यावर कोणाचाहि संसार चालणार नाहीं. पण दरवर्षीं अशाच बारा पॉलिसी होत गेल्या आणि जुन्या सगळ्या चालू राहिल्या, तर दहाव्या वर्षीं नव्यांचे ६०,००० आणि जुन्यांचे १,०८,००० मिळून १,६८,००० रुपये होतील. उलट जुन्यांपैकीं निम्म्या बंद पडल्या, तर तेच उत्पन्न १,१४,००० वर येईल; आणि ज्यांच्या पॉलिसी बुडाल्या ते लोक रस्त्यांत भेटल्यावर मान फिरवतील, हें निराळेंच. तात्पर्य, या धंद्याची भाकरी नव्या विक्रींत थोडी आणि जुनी पॉलिसी जिवंत ठेवण्यांत फार आहे. शंभर नांवांच्या यादीवर भर देणारी मुलाखत बहुधा पहिल्या वर्षाबद्दलच बोलते. दहाव्या वर्षाबद्दल घरानें विचारावयाचें असतें.

आतां आमच्या जिल्ह्याकडे वळूं. यवतमाळ जिल्हा १३,५८२ चौरस किलोमीटरांचा व सोळा तालुक्यांचा. कपाशी, तूर आणि सोयाबीन यांवर जगणारा. येथें पैसा बारा महिने सारखा येत नाहीं. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आणि त्यापुढें थोडे दिवस कापूस विकला जातो, तेव्हां हातांत रोकड असते. मृगांत बियाणें, खत आणि मजुरी यांत ती निघून जाते. पॉलिसी ज्या तारखेस सुरू झाली, तीच तिच्या वार्षिक हप्त्याची तारीख ठरते. पेरणीच्या तोंडावर ज्यानें शेतकऱ्याच्या गळ्यांत पॉलिसी घातली, त्यानें पुढच्या प्रत्येक जूनमध्यें त्याला अडचणींत टाकण्याची व्यवस्था करून ठेविली. वार्षिक हप्त्यास ३० दिवसांची आणि मासिक हप्त्यास १५ दिवसांची सवलत असते. पण जूनचा खड्डा तीस दिवसांत भरत नाहीं. तीच पॉलिसी जानेवारींत सुरू केली तर बहुधा टिकते. एवढी साधी गोष्ट मुलाखतीच्या खोलींत क्वचितच निघते.

दुसरें उदाहरण खर्र्याचें. आमच्याकडे सुपारी-तंबाखूचा खर्रा खाणारा मनुष्य स्वतःस व्यसनी समजतच नाहीं. प्रस्तावाच्या अर्जांत तंबाखूविषयीं प्रश्न असतो. 'नाहीं' लिहिलें कीं काम लवकर होतें, म्हणून एजंट स्वतःच 'नाहीं' लिहून टाकतो. विमा कायद्याच्या ४५ व्या कलमान्वयें पहिल्या तीन वर्षांत लपविलेल्या महत्त्वाच्या गोष्टीवरून कंपनीस दावा नाकारतां येतो. म्हणजे त्या एका खोट्या शब्दाची किंमत विधवेस मोजावी लागते, आणि ती आपल्या दारांत येऊन विचारते तें कंपनीला नव्हे, आपल्या मुलाला.

तिसरी गोष्ट कर्जाची. विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें २००६ सालीं पंतप्रधानांस विशेष मदतयोजना जाहीर करावी लागली, त्यांत यवतमाळ होता. अशा जिल्ह्यांत १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याची माहिती प्रत्येक एजंटास पाहिजे. विवाहित पुरुषानें स्वतःच्या आयुष्याचा विमा अर्ज करतांनाच या कायद्याखालीं बायकोमुलांच्या नांवें केला, तर ती रक्कम त्यांची ठेव समजली जाते. धनकोंना फसविण्याच्याच हेतूनें हप्ते भरले असें सिद्ध झाल्याखेरीज सावकारास वा बँकेस तिला हात लावतां येत नाहीं. मात्र मागाहून ती रक्कम आपल्या मर्जीनें मोडण्याचा अधिकार पतीस राहत नाहीं, हेंहि आधींच सांगावें लागतें.

मग मुलाखतींत काय विचारावें? आमच्या मतें पांच प्रश्न पुरेत. पहिला, या शाखेंतील पॉलिसींपैकीं तेराव्या महिन्यापर्यंत आणि एकसष्टाव्या महिन्यापर्यंत किती चालू राहतात? कंपन्या हे आंकडे आपल्यापुरते प्रसिद्ध करतात, तेव्हां विचारण्यांत संकोच नको. दुसरा, गेल्या तीन वर्षांत नेमलेल्यांपैकीं आज किती काम करीत आहेत? तिसरा, वर्षाला किमान किती काम झालें नाहीं तर एजन्सी जाते, आणि गेल्यास जुन्या पॉलिसींवरील कमिशनचें काय होतें? चौथा, परीक्षेच्या माफक शुल्काखेरीज कांहीं अनामत भरावयाची आहे काय? 'आहे' असें उत्तर आल्यास नमस्कार करून उठावें. पांचवा आणि सर्वांत महत्त्वाचा: गिऱ्हाइकाची ऐपतच नसेल तर त्याला 'तुम्ही ही पॉलिसी घेऊं नका' असें सांगण्याची मला मोकळीक आहे काय?

हा पांचवा प्रश्न काल्पनिक नाहीं. ज्या शेतमजुराच्या हातीं वर्षाला हजार रुपयेहि शिल्लक पडत नाहींत, त्याच्यासाठीं २०१५ पासून पंतप्रधान जीवनज्योति विमा योजना आहे. बँकेच्या खात्यांतून वर्षास ४३६ रुपये कापले जातात आणि १८ ते ५० वर्षें वयांत नांव नोंदविल्यास दोन लाखांचें संरक्षण मिळतें. त्यांत आमच्या मुलाच्या पदरीं पडण्यासारखें फारसें कांहीं नाहीं. तरीहि जो एजंट तो मार्ग आधीं दाखवितो, त्याच्याकडेच तो मजूर चार पैसे जमल्यावर परत येतो.

घरच्या मंडळींनीं स्वतःलाहि एक प्रश्न विचारावा. मुलगा एजंट झाला कीं मामा, आत्या, शेजारी सगळे म्हणतात, "तुझें कमिशन आम्हांलाच दे, घरचेच आहों." १९३८ च्या विमा कायद्याच्या ४१ व्या कलमानें अशी सूट देणें आणि घेणें हे दोन्ही गुन्हे ठरविले आहेत, आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर दंडाची मर्यादा दहा लाखांपर्यंत गेली आहे. पण कायदा बाजूस ठेवला तरी, ज्या मुलास आपण कमावता पाहूं इच्छितों त्याच्याच ताटांतील घास मागणें शोभत नाहीं. तसेंच, केवळ त्याचें मन राखण्यासाठीं नको असलेली पॉलिसी घेऊन पुढच्या वर्षीं ती सोडून देणें हाहि उपकार नव्हे. पॉलिसी हातीं आल्यापासून ३० दिवसांत पटली नाहीं तर परत करतां येते. त्या मुदतींत ती शांतपणें वाचावी आणि नको असल्यास मुलास स्पष्ट सांगावें.

भगिनींसाठींहि येथें कांहीं सांगण्यासारखें आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजीं पानिपत येथें महामंडळाच्या 'विमा सखी' योजनेस प्रारंभ झाला. दहावी झालेल्या १८ ते ७० वर्षांच्या स्त्रियांस तींत कमिशनखेरीज पहिल्या वर्षीं दरमहा ७,०००, दुसऱ्या वर्षीं ६,००० व तिसऱ्या वर्षीं ५,००० रुपये विद्यावेतन ठेविलें आहे. मात्र वर्षाला २४ जणांचे विमे मिळवावे लागतात, आणि पुढील वर्षांचें विद्यावेतन आदल्या वर्षाच्या पॉलिसींपैकीं ६५ टक्के चालू राहिल्या तरच मिळतें. म्हणजे पॉलिसी टिकविण्याचें जें महत्त्व आम्ही वर सांगितलें, तें येथें अटींतच लिहिलें आहे. सुनेला हें काम करावेंसें वाटलें, तर दुपारचीं चार कामें वांटून घेण्याची तयारी घरानें ठेवावी. नुसती परवानगी देऊन भागत नाहीं.

आमच्या स्नेह्यांच्या घरीं त्या रात्रीं जेवणें झाल्यावर ती वही सर्वांच्या मध्यें ठेवली गेली. आजोबांनीं प्रत्येक नांवापुढें दोन गोष्टी लिहावयास सांगितल्या: त्या माणसाच्या मागें खाणारीं तोंडें किती, आणि त्याच्या हातीं पैसा कोणत्या महिन्यांत येतो. ज्या नांवापुढें हें लिहितां येईना, तें नांव खोडावयाचें. शंभरांपैकीं तेवीस उरलीं. काकू म्हणाल्या, "एवढ्याशा यादीनें साहेब रागावतील कीं!" आजोबा म्हणाले, "रागावले तर आपल्याला त्यांची माहिती लवकर झाली."

मुलगा दुसऱ्या दिवशीं तेवीस नांवें आणि पांच प्रश्न घेऊन गेला. अधिकाऱ्यांनीं चार प्रश्नांचीं उत्तरें दिलीं, आणि पांचव्याला थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, "मोकळीक कोणी देत नसतो, ती तुम्हांलाच घ्यावी लागेल." मुलानें परीक्षेस नांव नोंदविलें आहे. तेवीस नांवांत पहिलें आजोबांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें आहे. तो दारव्ह्याकडे कापूस पिकवितो. त्याच्याकडे जानेवारीपूर्वीं जावयाचें नाहीं, असें घरांत ठरलें आहे.