मुलांचा प्रश्न आणि शोधयंत्राचे उत्तर

गुरुजींना विचारावा तसा पूर्ण प्रश्न लहान मूल संगणकालाही विचारते. ‘आकाश निळे का दिसते?’ असे ते जसेच्या तसे लिहिते. मोठी माणसे मात्र ‘आकाश निळे कारण’ एवढ्या तीन शब्दांवर भागवतात. हा भेद क्षुल्लक वाटला, तरी मुलाच्या हाती काय पडते हे पुष्कळ अंशी त्यावर अवलंबून असते.

शोधयंत्र म्हणजे ग्रंथाच्या शेवटी असलेल्या शब्दसूचीचे विराट रूप होय. कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची नोंद त्यात असते. आरंभीच्या काळात ही यंत्रे शब्दाला शब्द जुळवीत व लहानसहान शब्द बहुधा वगळीत. त्यामुळे बालकाचा सरळ प्रश्न त्यांना नीट उमगत नसे. 1996 साली अमेरिकेत स्थापन झालेल्या ‘आस्क जीव्ज’ने पूर्ण वाक्यातील प्रश्न स्वीकारण्याचा प्रयत्न केला, परंतु त्यामागे माणसांनी आधीच तयार करून ठेवलेले प्रश्न होते.

अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात अ‍ॅलिसन ड्रुइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 7, 9 आणि 11 वर्षांच्या मुलांच्या शोधपद्धतीचा अभ्यास त्यांच्या घरी जाऊन केला. ‘पुढील वर्षी उपराष्ट्राध्यक्षांचा वाढदिवस कोणत्या वारी येईल?’ असा एक प्रश्न त्यात होता. याचे उत्तर एका पानावर मिळत नाही. उपराष्ट्राध्यक्ष कोण, त्यांची जन्मतारीख कोणती आणि त्या तारखेस कोणता वार, अशा तीन पायऱ्या चढाव्या लागतात. प्रश्नाची अशी फोड करणे अनेक मुलांना जड गेले. अचूक वर्णलेखन हीदेखील त्यांची एक अडचण होती.

पुढे यंत्रे सुधारली. गूगलने 2013 साली ‘हमिंगबर्ड’ व 2019 साली ‘बर्ट’ ही पद्धती आणली. त्यामुळे वाक्यातील शब्दांचा परस्परसंबंध लक्षात घेतला जाऊ लागला. 2024 पासून कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले आयते उत्तरही काही शोधांत सर्वांत वर दिसू लागले आहे. चुकीचे वर्णलेखनही यंत्र बहुधा सावरून घेते.

तथापि सोय वाढली म्हणून धोका सरला, असे नव्हे. ‘माणूस चंद्रावर गेलाच नाही ना?’ असे विचारल्यास तीच शंका रंगविणारी पाने पुढे येण्याचा संभव असतो. प्रश्नातच दडलेला ग्रह उत्तरातून दृढ होतो आणि पहिलेच उत्तर मुलास अखेरचे वाटते.

म्हणून पालकहो, आम्ही एवढेच सुचवू इच्छितो: मुलाजवळ बसा. त्याच्या प्रश्नाचे लहान तुकडे करावयास शिकवा. तोच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारून पाहा. उत्तर कोणी लिहिले आहे ते तपासा आणि दोन ठिकाणची उत्तरे ताडून पाहण्याची सवय लावा. ‘सेफसर्च’ची सोय अश्लील चित्रे बव्हंशी गाळते, खोटी माहिती नव्हे. मूल यंत्राला जे विचारते, ते त्याने प्रथम आपल्याला निःसंकोच विचारावे, एवढा विश्वास घरात असणे सर्वांत महत्त्वाचे आहे.